देवाने नेलं, असं म्हणू नका



यात्रेत रात्रीचं कीर्तन संपलं, की लोक मंडपातच पथाऱ्या टाकतात. कुणी भाकरीचं गाठोडं सोडतं, कुणी पायाला आलेले फोड बघत बसतं. पेटी-तबला बांधून होतो न होतो, तोच एखादा माणूस हळूच जवळ येऊन बसतो. त्याला जे विचारायचं असतं ते सगळ्यांच्या देखत विचारता येत नाही. इकडचं तिकडचं बोलतो आणि मग म्हणतो, "बुवा, देव सगळं बघतो ना? मग माझ्या भावाला मारलं तेव्हा तो कुठं बघत होता?"

कीर्तनाला उभा राहून मला आता चाळीसेक वर्षं झाली. गाव बदलतं, माणूस बदलतो, प्रश्न तोच. आजचं निरूपण याच प्रश्नावर आहे. पूर्वरंगात आपण पवित्र शास्त्र काय म्हणतं ते पाहू, आणि काय म्हणत नाही तेही पाहू. उत्तररंगात एका आईचं आख्यान ऐकू.

प्रश्न लहान नाही, बरं का. २१ एप्रिल २०१९ ची सकाळ आठवा. पुनरुत्थानाचा रविवार. श्रीलंकेत कोलंबोचं संत अंतोनीचं तीर्थमंदिर, नेगोंबोचं संत सेबास्तियनचं मंदिर आणि बट्टिकलोआचं एक चर्च, तिन्ही ठिकाणी माणसं भरलेली. अंगावर नवे कपडे, कडेवर लेकरं. त्या गर्दीत अंगाला स्फोटकं बांधून माणसं शिरली. त्याच सकाळी कोलंबोच्या हॉटेलांतही स्फोट झाले. सगळे मिळून अडीचशेहून अधिक जीव गेले, त्यांतले शंभराहून अधिक एकट्या नेगोंबोच्या मंदिरात. आता विचारणारा विचारतो: बापाच्या घरी सणाला आलेली लेकरं, ती बापाने का नाही वाचवली? हा प्रश्न नास्तिकाचा नाही. ज्याचा विश्वास आहे त्यालाच तो टोचतो. ज्याला बाप नाही, तो बापावर रुसणार कसा?

याचं उत्तर देताना मी एकदा फार मोठी चूक केली आहे. ती आधी सांगतो, म्हणजे पुढचं बोलायला मला तोंड राहील.

आमच्या भागातल्या एका खेड्यात एका बाईचा तरणा मुलगा भांडणात भोसकला गेला. भांडण त्याचं नव्हतंच, तो सोडवायला गेला होता. माती झाली, आणि तिसऱ्या दिवशी प्रार्थनेला मला बोलावलं. मी तेव्हा तिशीतला. शास्त्र पाठ, गळा चांगला, शब्दांना तोटा नाही. मी त्या माउलीपुढे बसलो आणि म्हणालो, "आक्का, रडू नका. देवाला तो आवडला, म्हणून देवाने नेला."

ती रडायची थांबली. डोळ्याचा पदर खाली केला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बुवा, देवाला आवडला व्हता, तर देवानं मागून न्यायचा व्हता. सुरा मारून न्यायचा का? मतमाउलीच्या लेकराला खिळं ठोकलं, तवा तिला कुनी सांगितलं का, की आवडला म्हनून नेला?"

घरात सगळे गप्प झाले. मी खाली मान घालून बसलो. प्रार्थना दुसऱ्या कुणी तरी केली. भाविकहो, ज्या दिवशी ही बाई बोलली, त्या दिवशी माझं खरं शिक्षण सुरू झालं. तिच्या त्या एका प्रश्नाचं उत्तर शोधत मी शास्त्र पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं. त्यात जे सापडलं तेच आज सांगतो.

पहिली गोष्ट. माणूस मारला गेला की लोक कुजबुजतात, "काही तरी केलं असेल, त्याशिवाय का?" म्हणजे मेलेल्याच्या अंगावर पापाची चादर टाकायची, आणि आपण निर्धास्त व्हायचं. प्रभू येशूपुढे हाच विषय लोकांनी काढला होता. लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय पाहा. गालीलातले काही लोक यज्ञ अर्पण करत असताना पिलाताने त्यांची कत्तल केली होती. म्हणजे हेही देवाच्या दारातच मारले गेले. प्रभूने उलट विचारलं, की ते बाकीच्या गालीलकरांपेक्षा जास्त पापी होते असं तुम्हाला वाटतं काय? आणि स्वतःच सांगितलं, की नाही. पुढे शिलोहाच्या बुरुजाची गोष्ट काढली. बुरूज पडून अठरा माणसं चिरडली होती. त्यांच्याबद्दलही तेच सांगितलं. मरणाऱ्यांचा हिशोब मांडू नका, आपलं मन फिरवा, एवढाच त्याचा बोध. मेलेल्यांवर त्याने एक शब्दही ठेवला नाही.

ईयोबाची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. लुटारू आले, गुरं नेली, गडी कापले. वादळात घर पडून मुलं गेली. तीन मित्र सांत्वनाला आले. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले, कुणी तोंड उघडलं नाही. तोवर त्यांच्यासारखे मित्र नाहीत! आठव्या दिवसापासून ते समजावू लागले, की तुझ्या हातून पाप झालं असणार, देव उगाच का मारील? आणि ईयोब? तो तर देवाशीच भांडत होता, जाब मागत होता. शेवटी देव कुणावर रागावला? समजावणाऱ्यांवर. माझ्याविषयी तुम्ही खरं बोलला नाहीत, ईयोब खरं बोलला, असा निवाडा देवाने दिला. ध्यानात घ्या, देवाची बाजू घेऊन दुःखिताला दोषी ठरवणाऱ्या माणसापेक्षा देवाशी रडून भांडणारा माणूस देवाला जवळचा वाटला. हबक्कूक संदेष्ट्याने तर आपला ग्रंथच तक्रारीने सुरू केला आहे, की हिंसा हिंसा म्हणून मी ओरडतो आणि तू ऐकत का नाहीस. देवाने ते पान फाडलं नाही. म्हणून, तुमच्या घरात कुणी देवावर चिडून बोललं तर त्याचं तोंड दाबू नका. ती प्रार्थनाच आहे.

दुसरी गोष्ट. "देवाची इच्छा" हे दोन शब्द आपण फार स्वस्त करून टाकले आहेत. पाऊस आला, देवाची इच्छा. मोटार उलटली, देवाची इच्छा. खून झाला, तरी देवाची इच्छा. पण पवित्र सभेची शिकवण याबाबत स्पष्ट आहे. माणूस जे दुष्ट कर्म करतो त्याचा कर्ता देव नाही, सरळ नाही आणि आडूनही नाही. तो ते घडू देतो. घडू देणं आणि घडवणं यांत फरक आहे.

हा फरक पहिल्याच खुनात दिसतो. काईन आणि हाबेल, दोघे भाऊ, दोघे अर्पण घेऊन आलेले. काईनाचं तोंड उतरलं. तेव्हा देव स्वतः त्याच्याशी बोलला, की पाप दाराशी टपून बसलं आहे, तू त्याच्यावर ताबा ठेव. बापाने थोरल्याला समजवावं तसं समजावलं, पण त्याचा हात धरला नाही. तो शेतात गेला आणि त्याने भावाला मारलं. मग देव म्हणाला का, की माझीच इच्छा होती? नाही. तुझा भाऊ कुठं आहे, हे त्याने विचारलं, आणि हाबेलाचं रक्त मातीतून मला हाक मारतं आहे, हे सांगितलं. माणसांनी प्रेत दडवलं तरी देवाला रक्ताची हाक ऐकू येते.

हात का धरला नाही? शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो. बैलाला मुसकं बांधलं, की तो पिकात तोंड घालत नाही. म्हणून आपण त्याला संत म्हणतो का? देवाने माणसाला मुसकं बांधलं नाही. त्याला लेकरं हवी होती, मुसक्याची जनावरं नको होती. ज्या हाताने माणूस आईचे पाय धरतो, तोच हात सुरा उचलू शकतो. प्रेम करायची मोकळीक दिली, की प्रेम नाकारायचीही मोकळीक आलीच.

इथं पुष्कळ कीर्तनकार थांबतात आणि लोकही मान डोलावतात. पण मी थांबणार नाही, कारण ती आक्का माझ्यापुढे बसलेली आहे. ती विचारील, "बुवा, हात धरत नाही म्हणता, मग कधी कधी का धरतो?" खरा पेच तिथंच आहे. प्रेषितांची कृत्ये, बारावा अध्याय उघडा. हेरोद राजाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारलं. मग पेत्राला धरून तुरुंगात टाकलं. रात्री देवदूत आला, बेड्या गळून पडल्या, वेस आपोआप उघडली, पेत्र सुटला. दोघेही प्रभूचे लाडके. मंडळी एकच, आणि प्रार्थना करणारी माणसंही तीच. एक वाचला आणि एक गेला. का? त्या अध्यायात कारण दिलेलं नाही. पेत्राचा विश्वास जास्त होता असं लिहिलेलं नाही, याकोबाचा कमी होता असंही नाही. शास्त्र जिथं गप्प बसलं, तिथं कीर्तनकाराने बडबड करू नये. त्या याकोबाची आई आठवते ना? माझ्या दोन्ही मुलांना तुझ्या राज्यात उजवीडावीकडे बसव, म्हणून जी प्रभूकडे मागणं घेऊन आली होती, ती. तिच्या दारात याकोबाची बातमी गेली असेल त्या दिवशी कोण काय बोललं असेल, कुणास ठाऊक. देव करो, आणि त्या दिवशी तिथं माझ्यासारखा तिशीतला बुवा नसो.

मग काय, शास्त्राकडे उत्तर नाही? आहे. पण ते "का" याचं उत्तर नाही, "कुठं" याचं आहे. मला मारत होते तेव्हा देव कुठं होता? आपला विश्वास सांगतो, मार खाणाऱ्याजवळ.

बेथानीला लाजराच्या कबरेपाशी प्रभू उभा राहिला. आपण त्याला उठवणार हे त्याला ठाऊक होतं. तरी तो आधी रडला. मरीया आणि मार्थेला त्याने देवाच्या इच्छेवर प्रवचन दिलं नाही. आणि पुढे तर त्याने ऐकणं-बघणंही सोडून स्वतःच्या अंगावर घेतलं. रात्री धरपकड, खोटे साक्षीदार, चाबूक, थट्टा, खिळे. हिंसेचा असा कोणता प्रकार आहे जो त्याच्या वाट्याला आला नाही? क्रुसावरून त्याने आकाशाकडे बघून विचारलं, की देवा, मला का सोडलंस. तुमचा आमचा प्रश्न! देवाच्या पुत्राने तो विचारला, आणि त्या घडीला वरून आवाज आला नाही. म्हणून ज्या माणसाच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, तो एकटा नाही. तो प्रभूच्या शेजारी उभा आहे.

कुणी शंका काढील, "बुवा, क्रूस तर देवाचीच योजना होती ना? मग हिंसा देवाच्या इच्छेनेच झाली." नीट ऐका. प्रभूने आपला जीव आपणहून दिला, ही देवाची इच्छा. पण ज्यांनी खिळे ठोकले त्यांचं पाप पापच राहिलं. खूण काय? प्रभूने त्यांच्यासाठी पित्याकडे क्षमा मागितली. ते देवाच्या मनासारखंच करत असते तर क्षमा कशाला मागावी लागली असती? क्षमा मागितली, याचा अर्थच हा, की जे चाललं होतं ते देवाला मान्य नव्हतं. हा धागा हातातून सोडू नका, पुढच्या आख्यानात तो लागणार आहे.

आणि क्रुसाच्या पायाशी मतमाउली. यात्रेला आपण तिच्याकडे येतो, ८ सप्टेंबरला तिचा जन्मदिवस साजरा करतो. पण कॅलेंडरात पुढे बघा. १४ तारखेला क्रूसविजयाचा सण, आणि १५ तारखेला दुःखी मातेचा. सात दिवसांत पाळण्यापासून क्रुसापर्यंत. तुझ्या काळजातून तलवार जाईल, हे म्हाताऱ्या शिमोनाने तिला लेकरू मांडीवर असतानाच सांगून ठेवलं होतं. क्रुसापाशी ती उभी होती, असं योहान लिहितो. ती काय बोलली ते लिहीत नाही. तिने कुणाला समजावलं नाही आणि कुणाला शापही दिला नाही. ती उभी होती. ज्या बाईचं लेकरू कुणी मारलं, ती मतमाउलीपुढे येऊन उभी राहते तेव्हा तिला काही समजावून सांगावं लागत नाही. त्या दोघींना एकमेकींचं कळतं.

आता उत्तररंग. आख्यान जुन्या काळचं नाही, आपल्याच देशातलं, आपल्या डोळ्यांदेखतचं आहे.

ग्रॅहम स्टेन्स नावाचा ऑस्ट्रेलियाचा माणूस १९६५ साली ओडिशात आला. बारीपदा गावी महारोग्यांची सेवा करू लागला. ज्यांना घरच्यांनी बाहेर काढलं, त्यांच्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, हाताला काम द्यायचं. पुढे ग्लॅडिस नावाच्या बाईशी लग्न झालं. तीन लेकरं: थोरली एस्तेर, मग फिलिप, मग तिमथी. १९९९ च्या जानेवारीत ग्रॅहम दोन्ही मुलांना घेऊन केओंझर जिल्ह्यातल्या मनोहरपूर गावी शिबिराला गेला. २२ तारखेची रात्र, कडाक्याची थंडी. तिघे आपल्या गाडीतच झोपले. मध्यरात्रीनंतर जमाव आला, गाडी फोडली आणि पेटवून दिली. बाहेर पडू दिलं नाही. बाप आणि दोन लेकरं, फिलिप १० वर्षांचा, तिमथी ६ वर्षांचा, जळून मेले.

मारणारे कोण जातीचे, कोण धर्माचे, हे सांगायला मी उभा नाही. काईन कोणत्या धर्माचा होता? आणि आपण हात झटकायचं कारण नाही. १९९४ साली आफ्रिकेतल्या रुआंडा देशात शंभरेक दिवसांत लाखो माणसं कापली गेली. पुष्कळ जण जीव वाचवायला चर्चमध्ये शिरले आणि चर्चमध्येच मारले गेले. मारणाऱ्यांचाही बाप्तिस्मा झालेला होता, मरणाऱ्यांचाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१७ साली त्या पापाबद्दल देवाची क्षमा मागितली, त्यात आपल्या सभेच्या माणसांचं पाप त्यांनी वगळलं नाही. तेव्हा सुरा फक्त शेजारच्याच्या घरात असतो असं समजू नका. पाप माझ्याही दाराशी टपून बसलेलं आहे.

बारीपदाला ग्लॅडिसकडे बातमी गेली. घरात ती आणि १३ वर्षांची एस्तेर. नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले. परका मुलूख. तिने लेकीला जवळ घेतलं, आणि मारणाऱ्यांना आपण क्षमा करू, असं मायलेकींचं ठरलं. अंत्यविधीच्या वेळी दोघी उभ्या राहून प्रभूच्या पुनरुत्थानाचं गीत गायल्या. मग लोकांना वाटलं, आता ही बाई सामान बांधून मायदेशी जाईल. ती गेली नाही. महारोग्यांच्या पट्ट्या कोण बदलणार? पाच वर्षं ती तिथंच राहिली. २००४ साली बारीपदात ग्रॅहमच्या नावाने रुग्णालय उभं राहिलं. २००५ साली सरकारने तिला पद्मश्री दिली.

आता दोन गोष्टी समजून घ्या.

एक. क्षमा म्हणजे "जाऊ द्या, काही झालं नाही" असं म्हणणं नव्हे. आपण मघाशी धागा धरला होता तो हाच. जे वाईट आहे त्याचीच क्षमा करावी लागते. ग्लॅडिसबाईंनी क्षमा केली, पण खटला मागे घ्या असं म्हटलं नाही. क्षमा ही माझी बाब, गुन्ह्याचा न्याय ही कायद्याची बाब, हे त्यांनी वेगळं ठेवलं. खटला चालला. २००३ साली मुख्य आरोपीला फाशी सुनावली, २००५ साली उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली, २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने ती जन्मठेप कायम केली. श्रीलंकेतही तसंच. तिथले कार्डिनल माल्कम रंजित यांनी पुढच्याच वर्षी पुनरुत्थानाच्या सणाला सांगितलं, की आम्ही मारेकऱ्यांना क्षमा केली आहे. आणि तरीही खरं काय ते बाहेर आणा, ही मागणी त्यांनी वर्षानुवर्षं लावून धरली. क्षमेने सूडाची तहान जाते, सत्याची जात नाही. म्हणून कुणी पीडित बाईला "तू ख्रिस्ती ना, मग तक्रार मागे घे" असं सांगत असेल, तर तो शुभवर्तमान सांगत नाही, गुन्हेगाराची वकिली करतो आहे.

दोन. कुणी म्हणेल, "पाहा बुवा, ग्रॅहमच्या मरणातून रुग्णालय झालं, म्हणजे देवाने यासाठीच नेलं." नाही हो! दोन लेकरांची किंमत रुग्णालय नसते. रुग्णालय बांधायला देवाला गाडी पेटवावी लागत नाही. देव राखेतून काही उभं करतो हे खरं, पण आग त्याने लावली म्हणून नव्हे.

योसेफाची कथा घ्या. भावांनी त्याला खड्ड्यात टाकलं, विकलं. पुढे तो मिसरचा कारभारी झाला, दुष्काळात त्याच भावांना धान्य दिलं. तेव्हा तो म्हणाला, की तुम्ही माझं वाईट योजलं होतं, देवाने त्यातून चांगलं योजलं. खरं आहे. पण हे बोललं कोण आणि केव्हा? जो खड्ड्यात पडला होता तो बोलला, आणि पुष्कळ वर्षांनी बोलला. खड्ड्यात ढकलणाऱ्यांना ते वाक्य बोलायचा अधिकार नव्हता. आणि काठावर उभं राहून खाली बघणाऱ्यालाही नव्हता. मी त्या दिवशी आक्काच्या घरात काठावर उभा राहून बोललो. वाक्य कदाचित खरं असतं, पण ते माझं नव्हतं. तिला ते कधी सापडलं असतं तर तिने बोलायचं होतं.

तेव्हा भाविकहो, सांत्वनाला जाल तेव्हा इतकं करा. आधी ईयोबाच्या मित्रांसारखे बसा, आणि त्यांच्यासारखं बोलू मात्र नका. "का झालं" ते तुम्हाला माहीत नाही, तर माहीत असल्यासारखं बोलू नका. घरात चूल पेटली नसेल तर डबा न्या. पोरांची शाळा बुडत असेल तर पोरं पोहोचवा. आणि माणसांची गर्दी ओसरली, की मग पुन्हा जा, कारण खरं दुःख तेव्हा सुरू होतं. देव कुठं होता, हा प्रश्न ज्याने विचारला त्याला निदान एवढं तरी दिसावं, की देवाची माणसं कुठं होती.

आक्काकडे परत जायला मला एक वर्ष लागलं. लाज वाटत होती. गेलो, उंबऱ्यातच म्हणालो, "आक्का, मी चुकलो. देवाने नेला नाही. माणसाने मारला." तिने आत बोलावलं, चहा ठेवला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग म्हणाली, "बुवा, परवा तारीख हाये कोर्टात. माझ्याबरं कुनी नाही." मी गेलो. पुढच्याही तारखांना गेलो. बाकावर बसून राहायचं, एवढंच काम. तिथं मी एकही वचन सांगितलं नाही.

पुढे कधी तरी यात्रेत ती भेटली. मतमाउलीपुढे मेणबत्ती लावून उभी होती. मी विचारलं, "आक्का, काय मागितलं?" ती म्हणाली, "काय मागायचं आता? नुसती उभी राहते. ती उभी व्हती, तशी मी उभी."

पुनरुत्थानानंतर प्रभू शिष्यांना भेटला तेव्हा त्याच्या हातांवरचे वण तसेच होते. थोमाला त्याने तेच दाखवले. जो मरणावर विजय मिळवू शकला, त्याला वण पुसता आले नसते का? त्याने ते ठेवले. मारणाऱ्यांनी केलं ते झालंच नाही असं देव म्हणत नाही. पण शेवटचा शब्द त्यांचा नाही, एवढं तो ठामपणे सांगतो. त्या वणांच्या हाताने तो एक दिवस प्रत्येक डोळा पुसणार आहे, हीच आपली आशा. तोवर पदर पुढे करायचं काम आपलं.

चला, हात जोडू या. हे प्रभो येशू, ज्यांची लेकरं हिंसेने गेली त्या सगळ्या आयांजवळ उभा राहा. आमच्या जिभेला आवर घाल आणि आमच्या पायांना त्यांच्या दाराची वाट दाखव. सुरा उचलणारा हात, तो आमचा असला तरी, उचलायच्या आधी खाली घ्यायची बुद्धी दे. हे मतमाउली, आम्हांला उभं राहायला शिकव.

जय ख्रिस्त.